डॉक्टर रखमाबाई आणि न सांगितलेली दुखणी

इतिहासाच्या पुस्तकांत लढाया असतात, तह असतात, राजांच्या वंशावळी असतात. परंतु काही लढायांना रणशिंग लागत नाही. कधी ती लढाई न्यायालयात उभे राहून लढावी लागते, तर कधी दवाखान्याच्या लहानशा खोलीत, पडद्याआड, दबक्या आवाजात. डॉ. रखमाबाईंनी या दोन्ही लढाया लढल्या. पहिली चार वर्षे चालली आणि तिचा गाजावाजा थेट विलायतेपर्यंत झाला. दुसरी सुमारे पस्तीस वर्षे चालली, पण तिच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. वक्तृत्व स्पर्धांत रखमाबाईंचे नाव घेतले जाते ते बहुधा खटल्यापुरतेच. मला मात्र त्यांचे दुसरे आयुष्य अधिक मोठे वाटते, आणि आपल्या गडचिरोली जिल्ह्यातील मुलींनी तर ते अवश्य जाणून घ्यावे असे वाटते. ते का, हे लेखाच्या ओघात येईलच.

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ रोजी मुंबईत झाला. वडील जनार्दन पांडुरंग आणि आई जयंतीबाई. जयंतीबाईंचे लग्न चौदाव्या वर्षी झाले, पंधराव्या वर्षी मांडीवर मूल आले आणि सतराव्या वर्षी कपाळाचे कुंकू पुसले गेले. आज अकरावीच्या वर्गात बसणाऱ्या मुलीचे जे वय, त्या वयात जयंतीबाई लेकुरवाळ्या विधवा झाल्या होत्या! सुदैवाने त्यांच्या सुतार जातीत विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी दुसरा विवाह केला. तत्पूर्वी पहिल्या पतीकडून आलेली मालमत्ता त्यांनी लेकीच्या नावे करून दिली. डॉ. सखाराम अर्जुन हे मुंबईतील नामांकित डॉक्टर. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत, आणि १८८३ साली स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संस्थापकांत त्यांचे नाव आहे. अशा घरात रखमाबाई वाढल्या. औषधांचा वास, पुस्तकांची संगत आणि सुधारकांची ये-जा हेच त्यांचे बाळपणीचे जग होते.

पण रूढीपुढे विद्वानाचेही काही चालत नाही. वयाच्या अकराव्या वर्षी रखमाबाईंचे लग्न दादाजी भिकाजी या तरुणाशी लावून देण्यात आले. लग्नानंतरही त्या माहेरीच राहिल्या. दादाजींनी शिकावे, मार्गाला लागावे अशी सखाराम अर्जुन यांची अपेक्षा होती. ती पुरी झाली नाही. इकडे रखमाबाई घरच्या घरी वाचत होत्या, इंग्रजी शिकत होत्या, समाजात बायकांची काय दशा आहे ते डोळसपणे पाहत होत्या. एकाच मांडवातून निघालेली दोन माणसे दोन निराळ्या वाटांनी चालू लागली होती.

१८८४ साली दादाजींनी मुंबईच्या उच्च न्यायालयात दावा लावला. बायकोने नांदायला यावे, एवढीच त्यांची मागणी. कायद्याच्या दृष्टीने ही मागणी साधी होती. त्या काळी लग्न झालेली मुलगी नांदायला जाणार नाही असे म्हणू शकते, ही कल्पनाच कोणाला शिवत नव्हती. रखमाबाईंनी मात्र तेच म्हटले. अजाण वयात, आपल्या संमतीविना झालेल्या विवाहाने आपण बांधल्या जात नाही, ही त्यांची भूमिका होती. खटला चालू असतानाच, एप्रिल १८८५ मध्ये, सखाराम अर्जुन वारले. ज्याच्या आधारावर उभे राहायचे तो आधारच गेला. तरीही रखमाबाई डगमगल्या नाहीत. त्याच वर्षी त्यांनी टाइम्स ऑफ इंडिया या वृत्तपत्रात एक हिंदू स्त्री या टोपणनावाने पत्रे लिहिली. बालविवाहाने मुलीचे शिक्षण कसे खुंटते आणि सक्तीच्या वैधव्याने तिचे आयुष्य कसे करपते, हा त्या पत्रांचा विषय होता.

२१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्हे यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. नकळत्या वयात लग्न झालेल्या आणि पतीकडे कधीही न नांदलेल्या स्त्रीला बळजबरीने त्याच्या हवाली करणे त्यांना न्यायाचे वाटले नाही. या निकालाने देशभर काहूर उठले. धर्म बुडाला म्हणणारे एका बाजूला आणि बाईला माणूस माना म्हणणारे दुसऱ्या बाजूला, असे दोन तट पडले. बेहरामजी मलबारी यांच्यासारखे सुधारक रखमाबाईंच्या पाठीशी उभे राहिले. लोकमान्य टिळक विरुद्ध बाजूस होते. थोरामोठ्यांचे सगळे विचार एकाच दिशेने जातात असे नाही, हे आपण विद्यार्थ्यांनी येथे शिकण्यासारखे आहे. अपील झाले, खटला पुन्हा चालला आणि ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी उलटा निकाल दिला. पतीकडे जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा, असा तो हुकूम होता. रखमाबाईंनी तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली.

याच सुमारास पुण्यात आणखी एक घटना घडली होती. अमेरिकेतून डॉक्टर होऊन आलेल्या आनंदीबाई जोशी २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने वारल्या. वय अवघे एकवीस. म्हणजे फॅरनसाहेबांच्या निकालाच्या आधी केवळ सहा दिवस! बायकांसाठी बाई डॉक्टर हवी, हे आनंदीबाईंचे स्वप्न त्यांच्याबरोबर चितेवर गेले असे लोकांना वाटले असेल. ते स्वप्न पुढे नेणाऱ्यांपैकी एक बाई त्याच आठवड्यात तुरुंगाच्या दाराशी उभी होती, हे तेव्हा कोणाला ठाऊक होते?

तुरुंगाची वेळ मात्र आली नाही. जुलै १८८८ मध्ये तडजोड झाली. दोन हजार रुपये घेऊन दादाजींनी आपला हक्क सोडला. मुक्त झालेल्या रखमाबाई तेव्हा तेवीस वर्षांच्या होत्या. एवढी बदनामी सोसल्यावर एखादीने उरलेले आयुष्य कोपऱ्यात काढले असते. रखमाबाईंनी डॉक्टर होण्याचा निश्चय केला. मुंबईत काम करणाऱ्या डॉ. एडिथ पीची यांनी त्यांना धीर दिला, हितचिंतकांनी पैशाची सोय केली, आणि १८८९ साली त्या लंडनला जाऊन तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात दाखल झाल्या. जिचे बहुतेक शिक्षण घरच्या घरीच झाले होते, तिने परक्या मुलखात, परक्या भाषेत शरीरशास्त्र आणि शस्त्रक्रिया शिकावी, हे सोपे नव्हते. घरात कोणी कॉलेजची पायरी चढलेले नसताना आपण येथे आलो, आणि पहिल्या तासाला काहीच कळले नाही, असा अनुभव आपल्यापैकी अनेकांचा आहे. त्यांना रखमाबाईंच्या त्या पाच वर्षांची कल्पना करता येईल. १८९४ साली त्या डॉक्टर झाल्या. ब्रुसेल्स येथून त्यांनी एम.डी. ही पदवीही मिळविली.

येथून रखमाबाईंचे दुसरे आयुष्य सुरू होते.

मायदेशी परतल्यावर १८९५ साली त्या सुरतेच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. त्या काळी दवाखाना म्हणजे मरायला जाण्याची जागा अशी समजूत होती. बाळंतपण घरातल्या अंधाऱ्या खोलीत सुईणीच्या हाती व्हायचे. पुरुष डॉक्टरापुढे बाईने अंग उघडे करणे ही कल्पनाही सहन होत नसे. मरण परवडले, पण ते नको. बायका वर्षानुवर्षे दुखणी अंगावर काढीत. १८८५ साली व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांना स्त्री डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून मोठा निधी उभारला गेला होता, तो याच कारणाने. परंतु निधीने इमारत उभी राहते; इमारतीत बाईचे पाऊल पडायला आणखी काही लागते.

ते काय, हे एका आठवणीवरून कळते. सुरतेत सुरुवातीला बाळंतपणासाठी कोणी येईना. तेव्हा रखमाबाईंनी एक गाभण शेळी रुग्णालयात आणवली आणि तिचे बाळंतपण तेथे सुखरूप केले, असे सांगतात. मुकी शेळी पिलासह जगते, मग आपण का मरू, असा विचार बायकांच्या मनात आला आणि हळूहळू त्या येऊ लागल्या. ही गोष्ट ऐकून हसू येते. पण तिच्यात केवढे शहाणपण आहे पाहा! रखमाबाईंनी बायकांना अडाणी म्हणून हिणवले नाही, त्यांना भाषण दिले नाही. भीती कोठे आहे ते ओळखले आणि त्या भीतीला डोळ्यांनी दिसेल असे उत्तर दिले.

वीसहून अधिक वर्षे त्या सुरतेत राहिल्या. प्लेगच्या साथीत माणसे शहर सोडून पळत असताना त्या कामावर राहिल्या. सरकारने कैसर-इ-हिंद पदक देऊन त्यांचा गौरव केला. पुढे त्यांना सरकारच्या स्त्री वैद्यकीय सेवेत येण्याचे बोलावणे आले. ते त्यांनी स्वीकारले नाही आणि राजकोटच्या स्त्रियांच्या रुग्णालयात जाणे पसंत केले. तेथे १९२९ च्या सुमारास निवृत्त होईपर्यंत त्यांनी काम केले. मोठ्या पदापेक्षा त्यांना रोजचे काम प्रिय होते. ज्या मुलीला त्यांनी जन्मताना हातात घेतले, तीच मोठी होऊन बाळंतपणाला त्यांच्याकडे आली असेल, इतका दीर्घ हा काळ आहे.

१९०४ साली दादाजी वारल्याचे कळल्यावर रखमाबाईंनी विधवेची पांढरी वस्त्रे नेसायला सुरुवात केली. ज्या नात्यासाठी त्या तुरुंगात जायला तयार होत्या ते नाकारण्यासाठी, त्याच नात्याचे हे सोयर त्यांनी का पाळले असेल? यावर आमच्या वर्गात वाद झाला. कोणाला हा पराभव वाटला, कोणाला थोरपणा. मला वाटते, ज्या बायकांमध्ये त्यांना काम करायचे होते त्यांच्याहून वेगळे दिसून त्यांचे काम झाले नसते. निवृत्तीच्या सुमारास, १९२९ साली, त्यांनी पडदापद्धत नाहीशी करण्याची गरज मांडणारी पुस्तिका लिहिली. म्हणजे पांढरे लुगडे नेसलेली ही बाई आतून विझली नव्हती. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या एक्याण्णवाव्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

चरित्र येथे संपते. परंतु रखमाबाईंच्या हाती एक साधन नव्हते, त्याविषयी बोलल्याशिवाय या लेखाचे प्रयोजन पुरे होत नाही. सुरतेत आणि राजकोटात त्यांच्याकडे अशा बायका आल्याच असतील की ज्यांच्या गर्भाशयाच्या मुखाला कर्करोग झाला होता. आपल्याकडे याला पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर म्हणतात. हा रोग अतिशय कपटी. ह्यूमन पॅपिलोमा नावाच्या विषाणूमुळे तो होतो. बहुतेक स्त्रियांच्या अंगातून तो विषाणू आपोआप निघून जातो. काही थोड्याजणींच्या अंगात तो टिकून राहतो, तेथील पेशी हळूहळू बिघडवतो आणि मग दहा, पंधरा, कधी त्याहून अधिक वर्षांनी कर्करोग होतो. एवढ्या वर्षांत दुखत काहीच नाही. पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाऊ लागते, संबंधानंतर रक्त दिसते, घाण वासाचे पाणी अंगावरून जाते, तेव्हा रोग पुष्कळदा पुढे गेलेला असतो. रखमाबाईंसमोर आलेली अशी बाई बहुधा उशिराच आलेली असणार. दुखण्याआधी दुखणे शोधण्याची विद्या त्या काळी नव्हती.

ती विद्या रखमाबाई निवृत्त होण्याच्या सुमारास जन्माला आली. अमेरिकेत जाऊन राहिलेले ग्रीक डॉक्टर जॉर्ज पापनिकोलाऊ यांनी १९२८ साली एक शोध मांडला. गर्भाशयमुखाजवळचा स्राव काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर बिघडलेल्या पेशी ओळखता येतात, असा तो शोध होता. प्रथम कोणी फारसे लक्ष दिले नाही. १९४३ साली त्यांचा ग्रंथ निघाल्यावर जग जागे झाले. त्यांच्या नावावरून तिला पॅप तपासणी म्हणतात. पेशी बिघडल्याचे वेळीच कळले, तर तेवढाच भाग गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करता येतो. बाई त्याच दिवशी घरी जाते. ज्या देशांनी ही तपासणी नेमाने केली तेथे हा रोग पुष्कळ कमी झाला. आपल्या देशात मात्र २०२२ सालच्या अंदाजानुसार सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया दगावल्या.

आता आपल्या घराकडे पाहू. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडचा डोंगर लोहखनिजासाठी सगळ्या महाराष्ट्राला माहीत झाला आहे. आमच्यासाठी तो ठाकूरदेवाचा डोंगर आहे. दर जानेवारीत तेथे यात्रा भरते. डोंगरातले लोखंड ट्रकांत भरून दिवसरात्र बाहेर जाते. परंतु डोंगराखालच्या गावातील बाईला गडचिरोलीच्या मोठ्या दवाखान्यात जायचे तर शंभर किलोमीटरहून अधिक वाट आहे. ती वाटही खरे म्हणजे दुसरी अडचण झाली. पहिली अडचण घरातच असते. पाळीच्या दिवसांत आमच्याकडे पुष्कळ गावांत बाई कुरमाघरात राहते. शरीराच्या त्या भागाविषयी चारचौघांत बोलायचे नाही, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेले असते. पांढरे पाणी जाणे हा बाईच्या जन्माचाच भोग समजला जातो. बोललीच तर ती प्रथम म्हाताऱ्या बाईशी बोलते, मग पुजाऱ्याकडे जाते. दवाखान्यात गेली तर तिला माडिया येते आणि डॉक्टरांना मराठी. मध्ये दुभाषा म्हणून नवरा नाही तर दीर उभा. त्याच्या तोंडून ती काय सांगणार?

हे माझ्या कल्पनेचे खेळ नाहीत. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्याच गडचिरोली जिल्ह्यातील वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली. १९८९ साली तो अभ्यास लॅन्सेट या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. शंभरातील ९२ स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी कोणता ना कोणता रोग निघाला. हे सगळे कर्करोग नव्हते. बहुतेक जंतुसंसर्ग आणि पाळीच्या तक्रारी होत्या. पण पूर्वी कधी तरी अशी तपासणी करून घेतलेल्या स्त्रिया शंभरात फक्त ८ होत्या! रखमाबाईंनी सुरतेत पाऊल ठेवल्याला तेव्हा जवळजवळ शंभर वर्षे झाली होती. आमच्या गावच्या मामीची गोष्ट त्या आकड्यांत नाही. पाळी जाऊन बरीच वर्षे झाल्यावर तिला पुन्हा रक्त जाऊ लागले. धान रोवणीचे दिवस होते, म्हणून ती गप्प राहिली. मग दिवाळी आली, मग भावाच्या मुलीचे लग्न. दवाखान्यात नेले तेव्हा डॉक्टरांनी मामाला बाजूला घेतले. मामीने कोणाला काही विचारले नाही, कोणी तिला काही सांगितले नाही. दुसरी रोवणी तिने पाहिली नाही.

मग उपाय नाही काय? आहे, आणि तो आपल्याच महाराष्ट्रात सिद्ध झाला आहे. मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटलने १९९८ पासून झोपडपट्ट्यांतील सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यांच्यापैकी निम्म्या वस्त्यांत दर दोन वर्षांनी तपासणी झाली. तपासणी म्हणजे काय, तर पातळ केलेले ॲसिटिक ॲसिड, म्हणजे आपल्या ओळखीचा शिरकाच, कापसाने गर्भाशयमुखाला लावायचे आणि मिनिटभराने पाहायचे. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. ना सूक्ष्मदर्शक, ना मोठी प्रयोगशाळा. आणि ही तपासणी करणाऱ्या कोण? डॉक्टर नव्हेत, तर किमान दहावीपर्यंत शिकलेल्या, चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. तपासणी झालेल्या वस्त्यांत या रोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले.

दुसरा अभ्यास खेड्यांतला आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलाने टाटा मेमोरियल आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्यासह उस्मानाबाद जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, खेड्यांत १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांवर तो केला. त्याचे निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. येथे तपासणी एकदाच झाली. पॅप तपासणी किंवा शिरक्याची तपासणी एकदाच करून मृत्यूंत लक्षणीय फरक पडला नाही. विषाणूची तपासणी झालेल्या गटात मात्र मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. शिरक्यासारखे साधे साधन असेल तर बाईच्या दारी पुनःपुन्हा गेले पाहिजे. विषाणूच्या तपासणीसारखे उत्तम साधन असले, तरी दोष निघालेल्या बाईला पुन्हा बोलावून उपचार करावेच लागतात. एक दिवसाचे शिबिर, मंडप, फोटो आणि अल्पोपाहार एवढ्याने हे काम होत नाही.

आणि येथेच मला रखमाबाई आठवतात. त्यांच्याजवळ शिरक्याची युक्ती नव्हती, विषाणूची तपासणी नव्हती. पण ज्यावाचून या दोन्ही गोष्टी फुकट जातात ते त्यांच्याजवळ होते. आज आली आणि उद्या गेली अशी ती बाई नव्हती. ती तेथे राहिली. दुखत असलेली बाई कधी ना कधी बोलते. पण ज्या बाईला काहीच दुखत नाही, तिने केवळ सांगितले म्हणून तपासणीच्या टेबलावर झोपावे, यासाठी सांगणारीवर केवढा विश्वास लागतो! औषधाची बाटली गाडीतून येते, विश्वास गाडीतून येत नाही. तो त्याच गावात, त्याच तोंडाने, वर्षानुवर्षे मिळवावा लागतो.

रखमाबाईंच्या दोन लढाया वेगवेगळ्या आहेत असे पूर्वी मला वाटे: एक बालविवाहाविरुद्धची, दुसरी रोगाविरुद्धची. अलीकडे वाचनात आले की कोवळ्या वयात सुरू झालेले वैवाहिक जीवन आणि पाठोपाठची बाळंतपणे यांमुळे याच कर्करोगाचा धोका वाढतो. म्हणजे मुलीला लवकर नांदायला पाठवणे आणि म्हातारपणी तिने पिशवीच्या रोगाने झिजणे, यांत एक धागा आहे. त्या दोन लढाया वस्तुतः एकच होत्या.

आता आपल्याविषयी दोन शब्द. २०१६ साली केंद्र सरकारने तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांची दर पाच वर्षांनी ही तपासणी व्हावी असे मार्गदर्शन केले. परंतु २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील तीस ते एकोणपन्नास वयाच्या शंभर स्त्रियांत दोघींचीही तपासणी झालेली नव्हती. कागद तयार आहे, शिरकाही स्वस्त आहे. कमी आहे ती बाईच्या भाषेत बाईशी बोलणारी मुलगी. आणि मैत्रिणींनो, ती तर या वर्गांत बसलेली आहे! आपल्यापैकी कित्येकींना माडिया येते, गोंडी येते, छत्तीसगढी येते, तेलुगू येते. कला शाखेची पदवी घेऊन काय करणार, असे आपल्याला येताजाता विचारले जाते. शहरात शिकलेल्या डॉक्टरीणबाईंना जे महिनोन्‌महिने साधणार नाही, ते आपल्याला पाटावर बसून भाजी निवडता निवडता साधते: काकूला तिच्या बोलीत विचारणे, की अंगावरून काही जाते काय?

राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले शिबिर दर वर्षी सात दिवसांचे असते. रस्ता झाडणे, शोषखड्डे खणणे ही कामे चांगलीच आहेत. माझी प्राध्यापकांना नम्र सूचना आहे की, गाव दर वर्षी बदलू नये. एकच गाव घ्यावे आणि तेथे वर्षानुवर्षे जावे. आशाताई आणि आरोग्यसेविका यांच्या सोबत मुलींनी घरोघर बसावे, तिशीपुढच्या बायकांची वही करावी, तपासणीच्या दिवशी त्यांच्याबरोबर चालत जावे आणि दुभाषी म्हणून पडद्याच्या आत उभे राहावे. जिच्यात दोष निघेल तिचा हात उपचार होईपर्यंत सोडू नये. पहिल्या वर्षी दोघी-तिघी येतील. दुसऱ्या वर्षी त्यांच्या जावा येतील.

सुरतेतही पहिल्या दिवशी कोणी आले नव्हते. तरीही रखमाबाई दुसऱ्या दिवशी दार उघडून बसल्या, आणि तिसऱ्या दिवशीही बसल्या. सुमारे पस्तीस वर्षे त्या तशाच बसत राहिल्या.